घडीव आणि ओतीव

खांद्यावर भरलेली कावड घेऊन चाललेल्या माणसाला मागून हाक मारली, तर तो थांबतो, मान वळवतो, पण सगळा देह झटकन वळवत नाही. दोन टोकांना लटकलेल्या घागरी त्याला तसं करू देत नाहीत. त्याच दोन घागरी डोक्यावर एकावर एक रचून निघालेली बाई मात्र उभ्या जागी वळू शकते. पाणी तेवढंच, वजन तेवढंच. फरक आहे तो हे वजन मध्यापासून किती लांब ठेवलंय याचा. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात आणि त्याचा हिशेब अंतराच्या वर्गाने चालतो. वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं की ते वळण्याला चौपट विरोध करतं.

विसाव्या शतकात गोल्फच्या आयर्नमध्ये जो सर्वांत मोठा बदल झाला, तो या कावडीच्या तत्त्वावर उभा आहे.

आयर्न म्हणजे गोल्फच्या पिशवीतला मधला संसार. अगदी लांबच्या फटक्यांसाठी मोठ्या डोक्याचे वूड असतात, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू घरंगळत नेण्यासाठी पटर असतो, आणि या दोहोंच्या मधलं जवळजवळ सगळं काम आयर्नवर पडतं. पातळ धातूचं पातं, त्याला दिलेला तिरकस उतार, आणि पात्याच्या एका कडेला बसवलेली लांब दांडी, म्हणजे शाफ्ट. या उताराला लॉफ्ट म्हणतात. आयर्नवरचा आकडा वाढत जातो तसा लॉफ्ट वाढतो, चेंडू अधिक उंच जातो आणि कमी अंतरावर पडतो. नवशिक्याला वाटतं, चेंडू उचलायला आपणच त्याच्याखालून झटका दिला पाहिजे. प्रत्यक्षात चांगल्या फटक्यात आयर्न खाली येत असतानाच चेंडूला भिडतं आणि मग त्याच्या पुढची माती-गवताची चकती उडवतं. चेंडू वर जातो तो पात्याच्या उतारामुळे. त्याच उतारामुळे त्याला उलटी फिरकीही मिळते. अव्वल व्यावसायिकाच्या ७ नंबरच्या फटक्यात चेंडू मिनिटाला साधारण ७,००० फेऱ्यांच्या वेगाने उलटा फिरत असतो. ही फिरकी त्याला हवेत तोलून धरते आणि ग्रीनवर पडल्यावर थांबवते.

चेंडू आणि पातं यांची भेट साधारण अर्धा मिलिसेकंद टिकते, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. फटक्याचा ठोका हाताला जाणवतो तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. शाफ्ट लवचीक असते; एवढ्याशा वेळात मुठीची पकड त्या टोकापर्यंत काही पोचवू शकत नाही. त्या क्षणापुरतं आयर्नचं डोकं जणू दांडीपासून सुटलेलं, हवेतून सणसणत आलेलं धातूचं एकटं ढेकूळ असतं. चेंडू त्याच्या गुरुत्वमध्यासमोर लागला तर ठीक. तो टोकाकडे किंवा टाचेकडे लागला, तर ते ढेकूळ गर्रकन वळतं, वेग वाया जातो आणि दिशा बिघडते. बॅटच्या टोकाला चेंडू लागल्यावर हातात येणाऱ्या झिणझिण्या आपल्याकडे गल्लीत खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. पण बॅटचं पातं रुंद, आणि क्रिकेटमध्ये चुकलेल्या फटक्यावरही एखादी धाव मिळून जाते. आयर्नचं पातं जेमतेम चार बोटं रुंद, आणि १५० यार्डांवर दोन अंशांची चूक म्हणजे चेंडू पाच यार्ड बाजूला. ग्रीनच्या कडेला वाळूचा खड्डा असेल तर तेवढी चूक पुरते.

पिढ्यान् पिढ्या आयर्न घडवली जात. तापलेल्या पोलादाच्या तुकड्यावर घणाचे नाहीतर यंत्राचे घाव घालून त्याला पात्याचा आकार द्यायचा, मग घासून नीट करायचं. या पद्धतीने जे पातं तयार होई ते पाठीमागून सपाट किंवा मधोमध किंचित फुगीर असे, आणि त्याचं वजन मध्याजवळ गोळा झालेलं असे. याला ब्लेड म्हणतात. दिसायला त्याच्याइतकं देखणं आयर्न नाही, हे मी मनापासून मान्य करतो. पण ब्लेड म्हणजे डोक्यावरच्या घागरी. ते वळायला तत्पर असतं. ज्याचा फटका दहापैकी नऊ वेळा पात्याच्या मध्यावर बसतो त्याला याची फिकीर नसते. हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांचा फटका तसा बसत नाही, आणि आयर्न विकत घेणाऱ्यांत भरणा त्यांचाच असतो. तरीही कित्येक दशकं या धंद्याची समजूत एकच होती: हत्यार निर्दोष आहे, हात सुधारा.

ही समजूत ज्याने उलटवली तो माणूस बेचाळिसाव्या वर्षापर्यंत गोल्फ खेळलाच नव्हता.

कार्स्टन सोल्हाइमचा जन्म १९११ साली नॉर्वेतल्या बर्गेनचा. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेलं आणि सिएटलमध्ये स्थिरावलं. वडील बूट शिवायचे आणि दुरुस्त करायचे. मुलानेही तेच काम केलं. इंजिनिअर व्हायचं म्हणून तो विद्यापीठात दाखल झाला, पण महामंदीत पैसा संपला आणि शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे त्याने विमानांच्या कंपन्यांत काम केलं आणि मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये. तिथल्या सहकाऱ्यांनी चौथा गडी हवा म्हणून त्याला गोल्फला नेलं. त्याचं पटिंग फार वाईट होतं. इतर कुणी सराव वाढवला असता. सोल्हाइमने पटरकडे संशयाने बघितलं. चेंडू जरा मध्यापासून ढळून लागला की पटरचं डोकं हातात फिरतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने आइसकँडीच्या काड्या आणि साखरेच्या वड्या चिकटवून एक नमुना बनवला: वजन दोन्ही टोकांना, मध्ये हलकं. कावडच ती.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटी इथल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने या कल्पनेवर पहिला पटर तयार केला. त्याने चेंडू मारला की ‘पिंग’ असा स्पष्ट नाद यायचा. तेच पटरचं आणि पुढे त्याच्या सगळ्या उद्योगाचं नाव झालं. १९६६ साली सुचलेल्या ‘आन्सर’ पटरचं पहिलं रेखाटन त्याने ग्रामोफोनच्या ७८ आरपीएम तबकडीच्या पाकिटावर केलं होतं. इंग्रजी नावातलं एक अक्षर गाळायला पत्नी लुईसने सुचवलं, कारण पटरवर पूर्ण शब्द मावत नव्हता. पुढच्याच वर्षी ज्यूलियस बोरॉस याने त्या पटरने फीनिक्स ओपन जिंकली आणि सोल्हाइमने नोकरी सोडली. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता.

पटरमध्ये जे साधलं ते आयर्नमध्ये साधणं अवघड होतं. पात्याच्या पाठीतून मधला धातू काढून तो कडेकडेने पसरायचा, म्हणजे पाठीत एक खळगा पडतो आणि सगळं वजन चौकटीसारखं बाहेर जातं. सुरुवातीला सोल्हाइमने घडीव आयर्नच्या पाठी यंत्रावर कोरून पाहिल्या. पण कोरल्याने वजन नुसतं कमी होतं, ते हवं तिथे नेऊन ठेवता येत नाही. घणाच्या घावाने असा गुंतागुंतीचा आकार निघणंही कठीण. शेवटी तो ओतकामाकडे वळला, आणि तेही विमानउद्योगात मुरलेल्या मेणाच्या ओतकामाकडे.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. आधी हव्या त्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती मेणात करायची. तिच्यावर पातळ मातीचे लेप एकावर एक चढवायचे, ते वाळू द्यायचे, मग तापवून मेण वितळवून काढायचं. आत उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतला की मेणातली बारीकसारीक रेघसुद्धा धातूत उतरते. मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीने ओतली गेली, चोळांचे नटराजही. संस्कृतात या कृतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिची कृती दिली आहे. आयर्नसाठी मातीच्या जागी सिरॅमिकचा लेप आला आणि पंचधातूच्या जागी स्टेनलेस स्टील. नटराजाची प्रभावळ आणि आयर्नच्या पाठीतला खळगा यांचा वंश एक आहे, हे मला जेव्हा प्रथम कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

१९६९ साली पिंगचे के-१ आयर्न या पद्धतीने बाजारात आले. जुन्या खेळाडूंना ते कुरूप वाटले. सोल्हाइम त्यांना चकाकी द्यायलाही तयार नव्हता. पृष्ठभाग त्याने मुद्दाम मळकट राखाडी ठेवला. १९८२ साली ‘आय-२’ हा सेट आला आणि तो गोल्फच्या इतिहासातल्या सर्वाधिक खपलेल्या सेटपैकी एक ठरला.

यात एका गैरसमजाला जागा आहे, म्हणून थांबतो. अशा आयर्नबद्दल ‘याचा स्वीट स्पॉट मोठा आहे’ असं सर्रास म्हटलं जातं. स्वीट स्पॉट हा बिंदू आहे. तो मोठा होत नाही. ब्लेडचा जेवढा, तेवढाच खळग्याच्या आयर्नचा. मोठा होतो तो माफीचा परीघ. मध्यापासून अर्धा इंच ढळलेला फटका ब्लेडने बरेच यार्ड गमावतो, तोच खळग्याच्या आयर्नने त्यामानाने थोडे. चूक चूकच राहते, तिची शिक्षा कमी होते. शिवाय पाठीतून काढलेल्या धातूचा काही भाग तळाशी नेता येतो. मग गुरुत्वमध्य खाली उतरतो आणि जमिनीवर पडलेला चेंडू सहज वर उठतो. लांब पल्ल्याचे ३ आणि ४ नंबरचे आयर्न हौशी खेळाडूला कधीच वश होत नसत. त्यांची भीती याने बरीच कमी झाली.

आता एका आयर्नवरून सेटकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे लागते. सेट म्हणजे सुट्या काठ्यांची मोळी नव्हे. तो जिना आहे; प्रत्येक पायरी सारख्या उंचीची हवी. खेळाडूने एकच हालचाल करायची आणि हातातला आकडा बदलला की चेंडूने दहा-पंधरा यार्ड कमी किंवा जास्त जायचं. यासाठी दर नंबरामागे शाफ्ट अर्धा इंच आखूड होते. लॉफ्ट तीन ते पाच अंशांनी वाढतो. शाफ्ट आखूड झाली की डोकं हाताला हलकं भासू लागतं, म्हणून प्रत्येक पुढच्या डोक्यात सुमारे ७ ग्रॅम वजन वाढवावं लागतं. आखूड काठी धरताना माणूस चेंडूच्या जवळ उभा राहतो, काठी अधिक उभी होते, म्हणून शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोनही पायरीपायरीने वाढवावा लागतो. या कोनाला लाय म्हणतात. एक माप हललं की बाकी तिन्ही हलतात.

लाय या शेवटच्या मापावर मला जास्त बोलायचं आहे, कारण सोल्हाइमचं मोठेपण मला खळग्याहूनही इथे दिसतं. समजा उजव्या हाताने खेळणाऱ्या बुटक्या माणसाला उंच माणसाची आयर्न दिली. त्याच्या हातात काठी आडवी होते, पात्याचं टोक जमिनीवरून उचललं जातं आणि टाच मातीत रुतते. पात्याला उतार असल्यामुळे टोक उचललं की त्याचं तोंड आपोआप डावीकडे वळतं. फटका अगदी मध्यावर, हालचाल अगदी निर्दोष, तरी चेंडू डावीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितकी ही दिशाभूल मोठी, म्हणजे ज्या छोट्या आयर्नने झेंड्यावर नेम धरायचा त्यांच्यातच ती सर्वाधिक. बिचारा खेळाडू वर्षानुवर्षं आपल्या मनगटाला दोष देत राहतो.

१९७२ साली पिंगने रंगांचा तक्ता आणला. खेळाडूची उंची घ्यायची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं, आणि दोन्ही आकडे जिथे मिळतील तिथला रंग बघायचा. काळा ठिपका म्हणजे प्रमाणित लाय, लाल म्हणजे अधिक सपाट, निळा म्हणजे अधिक उभी. ठिपका आयर्नच्या पाठीवरच भरलेला. उंच माणसाचे हात गुडघ्यापर्यंत पोचत असतील तर त्याला उभी लाय लागणारच असं नाही, म्हणून दोन मापं. बुटाच्या दुकानात वाढलेल्या मुलाला लांबी आणि रुंदी या दोन मापांशिवाय पाय कळत नाही हे ठाऊक असणार, असं माझ्या मनात येतं. पायाला बूट बसत नसेल तर दोष पायाचा नसतो. गोल्फच्या हत्यारांकडे कुणीतरी अशा नजरेने बघायला हवं होतं, आणि तो इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला एक मोची निघाला.

आय-२ च्या नावाशी जोडलेली दुसरी गोष्ट भांडणाची आहे. आयर्नच्या तोंडावर आडव्या खाचा असतात. कोरड्या, मोकळ्या चेंडूवर त्यांचा फिरकीशी संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. त्यांचं खरं काम ओल्या गवतात. गवताचा रस आणि पाणी चेंडू आणि धातू यांच्यामध्ये आलं की पातं घसरतं. खाचा त्या द्रवाला निसटायला वाट देतात, टायरवरच्या नक्षीप्रमाणे. पूर्वी या खाचा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असत. १९८४ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने यू अक्षरासारख्या खाचांना परवानगी दिली. ओतीव आयर्नमध्ये त्या सहज येतात. पण त्यांच्या धारदार कडा चेंडूची साल काढू लागल्या, म्हणून सोल्हाइमने कडा थोड्या गोल केल्या. त्यामुळे खाच किती रुंद धरायची याचं मोजमापच बदललं. संघटनेच्या पद्धतीने मोजलं तर दोन खाचांमधलं अंतर नियमाला इंचाच्या काही हजारांश भागांनी कमी पडत होतं.

तिकडे व्यावसायिक मैदानावर १९८७ च्या होंडा क्लासिकमध्ये मार्क कॅल्कावेकियाने लांब गवतातून ८ नंबर मारून चेंडू ग्रीनवर थांबवला, आणि लांब गवताची शिक्षाच संपली अशी ओरड झाली. संघटनेने आय-२ नियमबाह्य ठरवली. सोल्हाइमने १९८९ मध्ये १० कोटी डॉलरचा दावा ठोकला. जानेवारी १९९० मध्ये तडजोड झाली: पिंगने पुढची आयर्न नव्या मापाने बनवायची, पण १ एप्रिल १९९० पूर्वी बनलेली आय-२ कायमची वैध. व्यावसायिकांच्या पीजीए टूरशी चाललेला वेगळा खटला १९९३ पर्यंत रेंगाळला आणि तिथेही बंदी टिकली नाही. सोल्हाइमचा हट्ट काहींना कांगावा वाटला. मला तो पटतो. हजारो लोकांनी विश्वासाने विकत घेतलेली काठी एका रात्रीत बेकायदा ठरवण्याइतका तो फरक मोठा नव्हता.

या तडजोडीचा एक पडसाद वीस वर्षांनी उमटला. २०१० पासून अव्वल स्पर्धांमध्ये खाचांवर नवे, कडक निर्बंध आले. तडजोडीमुळे जुनी आय-२ मात्र त्यातून सुटलेली होती. त्या जानेवारीत फिल मिकेल्सन आणि जॉन डॅली यांनी वीस वर्षांपूर्वीची आय-२ वेज, म्हणजे सर्वाधिक लॉफ्टची आयर्न, पिशवीत घातली. स्कॉट मॅकॅरन या खेळाडूने त्याला फसवणूक म्हटलं आणि गदारोळ उडाला. मार्चमध्ये कार्स्टनचा मुलगा जॉन सोल्हाइम याने टूरपुरता आपला हक्क सोडून दिला. वडील २००० सालीच वारले होते.

ब्लेड संपली नाहीत. टायगर वूड्ससारखा खेळाडू आयुष्यभर तीच वापरत आला, आणि त्यामागे कारण आहे. गुरुत्वमध्य किंचित वर असल्याने चेंडू हवा तेव्हा खालून, वाऱ्याखालून नेता येतो, आणि चुकलेल्या फटक्याची खबर हाताला लगेच, नेमकी लागते. थंडीच्या सकाळी ब्लेडच्या टाचेवर बसलेला फटका कोपरापर्यंत जाणवतो. माफी देणारं आयर्न ही खबर थोडी बोथट करतं. ज्याला त्या खबरीचा उपयोग करून दुसऱ्या दिवशी चार तास सराव करायचा आहे त्याला ती हवीच.

खळग्याची कल्पना मात्र आता फार पुढे गेली आहे. आतून पूर्ण पोकळ डोकी, चिवट पोलादाचा पातळ, स्प्रिंगसारखा दबणारा चेहरा, पोकळीत भरलेलं मऊ पॉलिमर. यातून एक विचित्र गोष्ट घडली. गुरुत्वमध्य खाली गेल्याने चेंडू फार उंच उडू लागला, तेव्हा उत्पादकांनी लॉफ्ट कमी केले. १९८० च्या दशकात ७ नंबरचा लॉफ्ट ३६ अंशांच्या आसपास असे. आज हौशींसाठीच्या काही सेटमध्ये तो ३० अंशांवर आला आहे. म्हणजे पात्यावर ७ लिहिलेलं असलं तरी ती जुन्या हिशेबाने ५ नंबरच्या जवळपासची काठी आहे, आणि ‘माझा ७ नंबर किती लांब जातो’ या आनंदात या आकड्याचा मोठा वाटा असतो. चेंडू तरीही उंच जातो म्हणून याला निव्वळ फसवणूक म्हणता येणार नाही. पण जिन्याची वरची टोकं एवढी ओढली की खालच्या पायऱ्यांमध्ये खिंडार पडतं, आणि ते बुजवायला एक जादा वेज विकत घ्यावी लागते.

जिनाच नको म्हणणारा खेळाडूही झाला आहे. ब्रायसन डीशॅम्बो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याच्या सगळ्या आयर्नच्या शाफ्ट एकाच लांबीच्या, साधारण ७ नंबरच्या मापाच्या. डोक्यांचं वजन सारखं, लायही सारखी. फक्त लॉफ्ट वेगवेगळा. उभं राहण्याची जागा एक, हालचाल एक. या सेटने त्याने २०२० ची यूएस ओपन जिंकली. त्याच्यामागे बाजार वळला नाही, कारण लांब पल्ल्याच्या आयर्नला आखूड शाफ्ट दिली की वेग घटतो, आणि त्याच्याइतका वेग सगळ्यांच्या अंगात नसतो.

चाळीस वर्षं झालेली आय-२ अजून जुन्या सामानाच्या बाजारात फिरतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही, आणि मळकट राखाडी रंगावर ओरखडे दिसत नाहीत. कुणी असा सेट हातात घेतला की जाणकार आधी खाचा बघत नाही, पात्याची धार बघत नाही. डोकं उलटं करून पाठीवरच्या ठिपक्याचा रंग बघतो. लाल असेल तर पहिला मालक बुटका असावा, किंवा लांब हातांचा.